एक्सटर्नल डीव्हीडी रायटर घेताय? खोक्यावरचं कमी वाचा, विजेकडे जास्त बघा

जानेवारी २०२५ मध्ये सोनीने जाहीर केलं की फेब्रुवारीपासून आपण रेकॉर्डेबल ब्लू-रे डिस्क बनवणं बंद करतोय, सोबत मिनीडिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेटसुद्धा. बातमी एवढीच होती, पण व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत आपल्यापर्यंत येईतो तिचं "सीडी-डीव्हीडी कायमची बंद, आता सगळं गेलं" असं झालं, आणि मग घराघरात माळ्यावरचे डबे खाली यायला लागले. कुणाकडे लग्नाच्या चार डीव्हीडी, कुणाकडे २००३ च्या सिंहस्थाची व्हीसीडी, कुणाच्या आईच्या एमआरआयची सीडी, आणि घरात जो लॅपटॉप आहे त्याला डिस्क टाकायची जागाच नाही. सिंहस्थ परत तोंडावर आलाय त्यामुळे नाशिकमध्ये तर मागच्या दोन सिंहस्थांचं शूटिंग शोधणारे बरेच भेटतात.

मग माणूस बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर, म्हणजे डिस्क वाचणारा-लिहिणारा ड्राइव्ह, घ्यायला एमजी रोडच्या दुकानांत जातो नाहीतर ऑनलाइन शोधतो, आणि तिथे हजार-बाराशेपासून दहा हजारांपर्यंत सगळं दिसतं, प्रत्येकावर सुपर स्पीड, टाइप-सी, सेव्हन इन वन असलं काय काय लिहिलेलं. नेमकं घ्यायचं काय आणि का, ते जरा मुळापासून बघू.

आधी एक, बंद नक्की काय झालं

बंद झाली ती सोनीने स्वतः बनवलेली कोरी ब्लू-रे. तिचा कोऱ्या डीव्हीडीशी काही संबंध नाही, डिस्क वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या ड्राइव्हशीही नाही. दोन्ही आजही मिळतात. पण हा धंदा आकसतोय हे खरंच आहे आणि आपल्याकडे तर ते आधीच दिसलं होतं. मोझर बेअर आठवते ना, १९८३ ला दिल्लीत सुरू झालेली, एकेकाळी जगातल्या सगळ्यात मोठ्या डिस्क बनवणाऱ्यांपैकी एक, जिच्या स्वस्त सिनेमांच्या डीव्हीडी बसस्टँडवरसुद्धा मिळायच्या, ती २०१८ ला दिवाळखोरीत निघाली. म्हणजे घाबरून आज रात्रीच ऑर्डर टाका असं काही नाही, पण घ्यायचंच असेल तर अजून पाच वर्षं थांबून काही स्वस्त होणार नाही, उलट चांगला माल कमी कमी होत जाईल.

लेझर डिस्कवर करतो काय

हे दोन मिनिटं समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे.

सिनेमाची किंवा गाण्याची कंपनीतून आलेली डिस्क छापलेली असते, तिच्यात बारीक बारीक खड्डे दाबून केलेले असतात. घरी आपण जी कोरी डिस्क आणतो तिच्यात खड्डे नसतात, रंगाचा एक पातळ थर असतो आणि त्यामागे आरशासारखा चकचकीत थर. रायटरचा लेझर जोरात पेटला की तेवढ्या ठिपक्यापुरता तो रंग तापून कायमचा बदलतो. वाचताना तोच लेझर मंद करून फिरवतात, बदललेल्या ठिकाणाहून उजेड कमी परत येतो, न बदललेल्या ठिकाणाहून जास्त, झालं, यावरून शून्य आणि एक. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर असे दोन प्रकार दिसतील, कंपन्यांच्या दोन गटांचं जुनं भांडण आहे ते, आताच्या कुठल्याही ड्राइव्हला दोन्ही चालतात, डोकं लावू नका. आरडब्ल्यू म्हणजे पुसून परत लिहिता येणारी, तिच्यात रंगाऐवजी धातूंचं मिश्रण असतं. आणि ती जपून ठेवायच्या कामाची नाही.

सीडीत ७०० एमबी मावतात, डीव्हीडीत ४.७ जीबी, ब्लू-रेमध्ये २५. फरक कशामुळे, तर लेझर बारीक होत गेला, म्हणजे त्याच्या प्रकाशलहरीची लांबी कमी होत गेली. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा लाल, ब्लू-रेचा ४०५ चा निळसर जांभळा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. लेझर जितका बारीक तितके ठिपके छोटे आणि तेवढ्याच चकतीवर जास्त माल. आणि हो, ४.७ जीबीची डिस्क टाकल्यावर कॉम्प्युटर ४.३८ च दाखवतो म्हणून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने मोजतं, डिस्क तीच आहे.

आता यातला मुद्दा काय, तर लिहिताना लेझरला वाचण्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते, आणि ती सलग लागते. फिरणारी चकती, तापणारा लेझर, आणि दोन्हींना वीज येणार ती एका यूएसबी वायरीतून. बाहेरच्या ड्राइव्हचं निम्मं दुखणं इथेच आहे.

सगळ्यात आधी वीज

घरात पाण्याची मोटर चालू केली की क्षणभर ट्यूबलाइट मंद होते, ते का, तर फिरणारी वस्तू जागेवरून हलताना सगळ्यात जास्त करंट ओढते. डीव्हीडी ड्राइव्हमध्येही मोटरच आहे. चकती वेगात यायच्या वेळी आणि लेझर पूर्ण ताकदीने लिहिताना तो काही क्षण एक अँपिअरच्या आसपास किंवा वरही मागू शकतो. आणि यूएसबी २.० च्या पोर्टने द्यायचे ठरलेले आहेत फक्त ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अर्धा अँपिअर. यूएसबी ३ चा निळा पोर्ट ९०० देतो. बरेच लॅपटॉप ठरल्यापेक्षा थोडं जास्त देतात म्हणून गाडी चालून जाते, काही देत नाहीत, आणि मग ड्राइव्ह टिक टिक करत बसतो, विंडोज तो 'डिंग-डाँग' आवाज काढून ड्राइव्ह गेला-आला-गेला-आला करतं, नाहीतर सगळ्यात वैताग म्हणजे ९० टक्के लिहून झाल्यावर एरर येतो.

नव्वदलाच का बरं येतो? तर डिस्कवर लिखाण आतून बाहेर होत जातं आणि बारीक ड्राइव्हमध्ये वेगही बाहेर जाता जाता वाढत जातो. खोक्यावरचा ८एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या आठपट, हा वेग मिळतो तो बाहेरच्या कडेला, सुरुवातीला त्याच्या निम्म्यानेही नसतो कधी कधी. म्हणजे विजेची सगळ्यात जास्त ओढ शेवटी, आणि स्वस्त डिस्कचा रंगाचा थरही बाहेरच्या कडेलाच असमान असतो, दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात. लोक म्हणतात डिस्क खराब निघाली, दुसरी टाकतात, तीही जाते, मग म्हणतात ड्राइव्ह खराब. दोन्ही बरोबर असतील आणि पोर्टच अशक्त असेल, हे कुणी बघतच नाही.

त्यामुळे काय करायचं? ड्राइव्ह थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावायचा. मध्ये तो चारशे रुपयांचा हब नको, कारण ज्या हबला स्वतःचा अडॅप्टर नाही तो एकाच पोर्टची वीज चौघांत वाटतो, आणि त्यातच माऊस, त्यातच हार्डडिस्क. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टपेक्षा मागचे वापरा, ते थेट मदरबोर्डवर असतात, पुढच्यांना आतून एक वायर फिरून येते. लांब एक्सटेन्शन वायर टाळा, पातळ वायरीत व्होल्टेज पडतं. नवीन पातळ लॅपटॉपला नुसते टाइप-सी पोर्ट असतील तर ड्राइव्हचीच टाइप-सी वायर असलेली चांगली, कन्व्हर्टरवर कन्व्हर्टर चढवू नका. आणि हबशिवाय इलाजच नसेल तर भिंतीत लावायचा अडॅप्टर असलेला घ्या, महाग आहे पण त्यालाच अर्थ आहे.

काही ड्राइव्हसोबत वाय केबल येते, म्हणजे एका टोकाला दोन पिना, एक डेटाची आणि दुसरी नुसती वीज ओढायला. ती बघून लोक म्हणतात काय जुनाट आहे, मला तर ती दिसली की बरं वाटतं. कंपनीने निदान विचार केलाय. जुना कॉम्प्युटर असेल तर तीच केबल कामाला येईल.

अजून एक आपल्याकडचं. पावसाळ्यात लाइट जाते. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून काही होत नाही, पण यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर मध्येच लाइट गेली की ती डिस्क गेली, एकदाच लिहिता येणारी डिस्क परत पहिल्यापासून लिहिता येत नाही. जुन्या काळी डेटा यायला जरा उशीर झाला तरी डिस्क वाया जायची, म्हणून बर्न, म्हणजे लिहिणं, चालू असताना माऊससुद्धा हलवू नको म्हणायचे. ती भानगड आता गेलीय, आताचे ड्राइव्ह डेटा संपला की थांबतात, आला की तिथूनच पुढे लिहितात. पण वीजच गेली तर त्याला तरी कोण काय करणार.

खोक्यावर नाव एकाचं, आत बसलाय भलताच

बाहेरचा डीव्हीडी रायटर उघडला तर आत काय असतं माहितीये? लॅपटॉपमधला बारीक ड्राइव्ह, ९.५ नाहीतर १२.७ मिलिमीटर जाडीचा, आणि त्याला यूएसबीशी जोडणारी एक छोटी सर्किटची पट्टी. बस. म्हणजे टिकाऊपणा ठरतो तो आतल्या ड्राइव्हवर, बाहेरच्या चकचकीत प्लॅस्टिकवर नाही. आणि आतले ड्राइव्ह बनवणारे जगात मोजकेच. एलजीचे ड्राइव्ह हिताची-एलजी डेटा स्टोरेज नावाच्या दोघांच्या कंपनीतून येतात. तोशिबा-सॅमसंग अशी एक जोडी होती, फिलिप्स-लाइटऑन अशी एक होती. नाव नसलेल्या हजाराच्या ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला ड्राइव्ह नव्या कपड्यात बसवलेला असतो. त्याचा लेझर किती वापरलाय हे तुम्हाला बाहेरून कळणारच नाही.

पण थोडं कळतं. ड्राइव्ह लावला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, तिथे डीव्हीडी ड्राइव्हवाल्या ओळीत जे नाव दिसतं ते बघा. एचएल-डीटी-एसटी असं आलं तर तो हिताची-एलजी, टीएसएसटी म्हणजे तोशिबा-सॅमसंग, मॅटशिता (MATSHITA) आलं तर पॅनासॉनिक, पीएलडीएस म्हणजे फिलिप्स-लाइटऑन. कधी कधी मधली सर्किटची पट्टी स्वतःचंच नाव पुढे करते तेव्हा कळत नाही, पण बऱ्याच वेळा कळतं. तोशिबा-सॅमसंगचं नाव एखाद्या कोऱ्या करकरीत म्हणून विकलेल्या ड्राइव्हमध्ये दिसलं तर समजा काय ते, कारण ती जोडी हा धंदा सोडून बरीच वर्षं झाली.

मी घरासाठी विचारणाऱ्याला सांगतो ते साधं आहे, एलजी, आसुस, नाहीतर लॅपटॉपवाल्या कंपन्यांचे डेल-एचपीचे, या नावांमधला जो बिलासह वॉरंटीत मिळेल तो घ्या. साधारण दोन-तीन हजारांच्या घरात काम होतं. एलजीचा जीपी६५एनबी६० हा बरीच वर्षं चालत आलेला आहे, डीव्हीडी ८एक्स, सीडी २४एक्स, दिसायला काही खास नाही. मॅकवाल्यांना वाटतं अॅपलचा सुपरड्राइव्हच घ्यावा, पण तो २०२४ मध्ये अॅपलने विकणं थांबवलं, आणि तसाही तो इतरांच्या कॉम्प्युटरवर नखरे करतो. वर सांगितलेले मॅकवरही चालतात.

आणि ते सेव्हन इन वन वाले, ज्यांच्या पोटात मेमरी कार्डचा खाचा आणि वर दोन-चार यूएसबी पोर्ट असतात, ते घेऊच नका. दिसायला किती सोयीचं! पण वर आपण काय बघितलं, एका वायरीतून येणारी वीज आधीच काठावर आहे, त्यात अजून पेनड्राइव्ह आणि कार्ड जोडलं की लिहिणाऱ्या लेझरच्याच ताटातलं काढून घेतलं. डिस्क लिहिताना ते पोर्ट रिकामे ठेवायचे असतील तर मग घेतले कशाला?

ट्रे वाला की खाचेत सरकवायचा

ट्रे वाला. खाचेत सरकणारा दिसतो भारी, पण त्यात छोटी ८ सेंटिमीटरची डिस्क टाकायची नसते, आणि जुन्या हँडीकॅमच्या डिस्क नेमक्या त्याच आकाराच्या असतात. शिवाय डिस्क अडकली तर ट्रे वाल्याला पुढे एक बारीक भोक असतं, वीज बंद करून त्यात पेपर क्लिप सरळ करून घातली की ट्रे बाहेर. खाचेवाल्याला घेऊन दुकानातच जावं लागतं. ट्रेमध्ये डिस्क मधल्या गोलावर टक्क आवाज येईपर्यंत दाबावी लागते, दाबताना खालून एका हाताचा आधार द्या, तो ट्रे नाजूक असतो.

"पण यूएसबी ३ लिहिलंय, म्हणजे फास्ट असेल ना?"

नाही हो. हिशोब बघा. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी. ८एक्स म्हणजे ११ एमबी. यूएसबी २.० प्रत्यक्षात सेकंदाला तीसच्या वर एमबी सहज नेतं. म्हणजे रस्ता आधीच तिप्पट रुंद आहे, तो अजून रुंद केला म्हणून चकती काही जोरात फिरणार नाही. पूर्ण डीव्हीडी लिहायला आठ-दहा मिनिटं लागतात, ती यूएसबी ३ वाल्यालाही तेवढीच लागतात. वर सांगितलेला एलजीवाला यूएसबी २.० चाच आहे आणि त्याचं काही अडत नाही.

यूएसबी ३ चा फायदा आहे तो तुमच्या कॉम्प्युटरच्या पोर्टचा, कारण तिथून वीज जास्त मिळते. ड्राइव्ह २.० चा असला तरी निळ्या पोर्टला लावा. ड्राइव्हच्या खोक्यावर ३.० छापलंय म्हणून पाचशे रुपये जास्त देऊ नका, एवढंच.

ब्लू-रे रायटर घ्यावा का

बहुतेकांनी नाही. महाग आहे, एकेक डिस्कही महाग, आणि आता डिस्क मिळणंही अवघड होत जाणार. ज्यांचं शूटिंगचं काम आहे, शेकडो जीबी आहे आणि खरंच वीस-पंचवीस वर्षं ठेवायचंय, त्यांनी विचार करावा. तिथे मात्र यूएसबी ३ असलेला बरा, कारण ब्लू-रेचा ६एक्स म्हणजे सेकंदाला २७ एमबी, यूएसबी २.० चा रस्ता जेमतेम पुरतो. कोरी ब्लू-रे घेताना एलटीएच असं लिहिलेली टाळा, तिच्यात डीव्हीडीसारखाच रंगाचा थर असतो, साध्या ब्लू-रेमध्ये तो खनिजासारखा टिकाऊ असतो.

डिस्कवर कंजूसी केली तर ड्राइव्ह कितीही चांगला घ्या

दुकानात पन्नास डिस्कचा दांडा मिळतो, वर नाव कसलंच नाही, एक डिस्क सात-आठ रुपयांना पडते. एखाद्याला गाणी देऊन टाकायची असतील तर चालेल. पण बारशाचं, लग्नाचं, आजी-आजोबांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग ठेवायचं असेल तर वर्बाटिमसारख्या नावाजलेल्या कंपनीची घ्या, ती आता तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सच्या मालकीची आहे. पाच-दहाचं पाकीट घेतलं तरी घरच्या कामाला भरपूर होतं.

एम-डिस्क म्हणून एक प्रकार आहे, त्यात रंगाऐवजी दगडासारखा थर असतो आणि हजार वर्षं टिकते असा दावा. दावा कंपनीचा आहे, उष्णता आणि दमटपणा वाढवून केलेल्या चाचण्यांवरून काढलेला, हजार वर्षं थांबून कुणी बघितलेलं नाही. साध्या रंगवाल्यापेक्षा ती जास्त टिकावी याला शास्त्रीय आधार आहे. मात्र डीव्हीडीची एम-डिस्क लिहायला ड्राइव्हवर एम-डिस्कचं चिन्ह हवं, कारण तो थर बदलायला लेझर जास्त ताकदीचा लागतो. एलजीच्या बऱ्याच ड्राइव्हवर असतं. पण मला विचाराल तर हजार वर्षांचं सोडा, त्या हजार वर्षांनी वाचायला ड्राइव्ह कुठे असेल, आपल्याला वीस वर्षं पुरे, आणि ती नीट लिहिलेल्या चांगल्या डीव्हीडीने मिळू शकतात.

जपायचं कसं, तर ऊन, उष्णता आणि दमटपणा हे तिघे शत्रू. माळा ही नाशिकच्या घरातली सगळ्यात चुकीची जागा, एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओल. कपाटात, डबीत, उभी ठेवा. वरच्या बाजूला बॉलपेनने लिहू नका, विशेषतः सीडीवर. सीडीचा चकचकीत थर वरच्या छापाच्या लगेच खाली असतो, त्यामुळे सीडीला खरा धोका चमकणाऱ्या बाजूपेक्षा छापलेल्या बाजूचा आहे. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून ती जरा सुरक्षित. पुसायची तर मधून बाहेर सरळ, गोल गोल नाही.

"हे सगळं सोडा, पेनड्राइव्ह आहे ना, गूगल ड्राइव्ह आहे ना"

बरोबर आहे, आणि रोजच्या कामाला तेच वापरा. १२८ जीबीचा फोन भरला असेल तर तो उतरवायला २७-२८ डीव्हीडी लागतील, कोण बसतंय. सगळ्या फोटोंचा बॅकअप डीव्हीडीवर घ्या असं मी म्हणतच नाही, त्यासाठी हार्डडिस्क घ्या, एक नाही दोन घ्या.

पण पेनड्राइव्हमध्ये माहिती राहते ती बारीक बारीक कप्प्यांत साठवलेल्या विद्युतभाराच्या रूपात आणि वर्षानुवर्षं कुठे न लावता ड्रॉवरमध्ये पडला तर तो भार हळूहळू झिरपतो. क्लाऊडचं भाडं भरणं थांबलं की पुढचं त्यांच्या मर्जीवर. दोन्हींमध्ये एक गोष्ट सारखी, चुकून पुसता येतं, व्हायरस आला तर तोही पुसतो किंवा कुलूप लावून खंडणी मागतो. एकदाच लिहिता येणारी डिस्क कपाटात पडलीय, तिच्यावर कुणीही काही बदलू शकत नाही, तुम्हीसुद्धा नाही. म्हणून निवडक वस्तू, म्हणजे लग्नाचं शूटिंग, घराच्या खरेदीखताचं स्कॅन, सर्टिफिकेटं, शंभर-दोनशे लाडके फोटो, यांची तिसरी प्रत डिस्कवर असावी. तिसरी म्हणतोय, एकुलती एक नाही.

काही ठिकाणी अजून डिस्कशिवाय चालतही नाही. सीटी-एमआरआयच्या सेंटरवाले बऱ्याच ठिकाणी सीडीच देतात, त्यात फोटो बघायचं सॉफ्टवेअरही असतं, दुसऱ्या डॉक्टरकडे नेताना तीच लागते. कोर्टात ऑडिओ-व्हिडिओ पुरावा द्यायचा तर वकील सीडी नाहीतर पेनड्राइव्ह मागतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली सोबत प्रमाणपत्रही लागतं, ते वकिलांना विचारूनच करा, ते ड्राइव्हच्या दुकानातलं काम नाही.

"मग टीव्हीला लावून सिनेमा बघता येईल का?"

बहुतेक टीव्हींवर नाही. टीव्हीचा यूएसबी पोर्ट पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्कसाठी असतो, डिस्कचा ड्राइव्ह त्याला ओळखू येत नाही. हा प्रश्न दुकानात सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर "हो चालेल" असं मिळतं. टीव्हीसाठी साधा डीव्हीडी प्लेअरच लागेल. आणि कॉम्प्युटरवरही विंडोज ८ पासून डीव्हीडी सिनेमा चालवायची सोय आपोआप येत नाही, फुकटचा व्हीएलसी टाका, चालतो. सिनेमाच्या डिस्कला प्रदेशाचा नंबर असतो, भारताचा ५. परदेशातून आणलेली डिस्क टाकल्यावर ड्राइव्हचा नंबर बदलू का विचारलं तर घाईत हो म्हणू नका, पाचच वेळा बदलता येतो, नंतर शेवटचा जो असेल तोच कायम.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी

परत करायची मुदत असते तोवरच सगळं तपासून घ्या. आधी एक छापील सीडी, मग छापील डीव्हीडी, मग घरची जुनी लिहिलेली डिस्क, अशा तिन्ही वाचून बघा. तिन्हींचा आवाज ऐका. थोडी घरघर ठीक आहे, पण खरखर, टकटक, परत परत वेग घेऊन थांबणं हे नको.

मग एक डीव्हीडी काठोकाठ भरून लिहा, चार जीबीच्या वर. अर्धी लिहून चालत नाही, कारण अवघड भाग बाहेरच्या कडेचा असतो ते वर बघितलंच. वेग ४एक्स ते ८एक्स च्या मधला ठेवा, अगदी कमी ठेवला की जास्त चांगलं येतं हा समज जुना आहे, आताच्या १६एक्सच्या डिस्क अगदी हळू लिहिण्यासाठी बनवलेल्याच नसतात. विंडोज डिस्क टाकल्यावर दोन पर्याय विचारतं, एक फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची का, दुसरा सीडी-डीव्हीडी प्लेअरसोबत. नेहमी दुसरा. पहिल्याने लिहिलेली डिस्क जुन्या मशीनवर आणि प्लेअरवर बरेचदा उघडत नाही, आणि मग स्टुडिओवाला, दवाखाना, कोर्ट, सगळीकडून परत येते. इमेजबर्न नावाचं जुनं फुकट सॉफ्टवेअर आहे, २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती नाही पण काम चोख, इन्स्टॉल करताना भलत्या टिकमार्क तेवढ्या काढा. त्यात व्हेरिफाय असं एक खूण करायचं खोकं आहे, म्हणजे लिहून झाल्यावर ड्राइव्ह स्वतः सगळं परत वाचून मूळ फाइलशी ताडून बघतो. ते कधीच बंद करू नका. ते सॉफ्टवेअर नको असेल तर लिहिलेली पूर्ण डिस्क एका रिकाम्या फोल्डरमध्ये परत कॉपी करून बघा, शेवटपर्यंत न अडकता आली तर ठीक. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाच्या ड्राइव्हवरही वाचा, कारण बिघडत चाललेला ड्राइव्ह स्वतःचं लिखाण स्वतः वाचतो आणि इतर कुणाला ते वाचता येत नाही.

आणि जुन्या डिस्क वाचायच्या असतील तर

खरं सांगायचं तर विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना लिहायचं काही नसतंच, जुनं बाहेर काढायचं असतं. त्यांना रायटरचीही गरज नाही, पण नुसता वाचणारा आता वेगळा फारसा मिळत नाही म्हणून रायटरच घेतात. घरात मेलेला जुना लॅपटॉप पडलाय का बघा, त्यातला डीव्हीडी ड्राइव्ह दोन स्क्रू काढून निघतो, आणि त्याला बसणारी यूएसबीची बाहेरची डबी काही शे रुपयांत मिळते. ड्राइव्ह किती जाडीचा आहे तेवढं मोजून घ्या. वाचायला झकास चालतो.

लग्नाच्या डीव्हीडीत व्हिडिओ-टीएस नावाचं फोल्डर असतं, ते अख्खं कॉपी करा, आतल्या एक-दोन मोठ्या फाइल उचलून आणू नका. व्हीसीडीत एमपीईजी-एव्ही फोल्डरमध्ये डॅट फाइल असते, ती कॉपी करून व्हीएलसीने उघडा. व्हीसीडीचं एक दुखणं म्हणजे त्याच ७०० एमबीच्या चकतीवर जास्त व्हिडिओ कोंबण्यासाठी चुका दुरुस्त करणारी माहिती कमी ठेवलेली असते, त्यामुळे डीव्हीडी जो ओरखडा सहन करेल तो व्हीसीडी करत नाही. म्हणून डब्यातल्या डिस्क काढल्या की आधी व्हीसीडी वाचा, मग सीडी, मग डीव्हीडी. एका ड्राइव्हवर अडकली तर लगेच टाकून देऊ नका, दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर लावून बघा, प्रत्येकाचा लेझर आणि चुका सावरायची पद्धत वेगळी असते, आणि एकावर मेलेली डिस्क दुसऱ्यावर निम्मी तरी निघाली असं बऱ्याचदा होतं. जेवढी निघेल तेवढी आधी हार्डडिस्कवर घ्या, पुसापुशी आणि पॉलिशचे उद्योग त्यानंतर.